कांडीची नडगी

टॉवेलात गुंडाळून आणलं होतं त्यांनी.
मला वाटलं, मुंगूस.
म्हटलं, काका, हे पाळता येत नाही, वनखातं येईल.
"मुंगूस नाही, फेरेट," अंबादास चिप्पा म्हणाले,
परदेशी सुनेचं नाव घ्यावं तसं, जपून.
मुलगा आधी हैदराबादला, आता मस्कतला.
जाताना पिंजरा ठेवून गेला,
आणि एक कागद: काय खातं, काय खात नाही.

नाव कांडी.
लांब, बारीक, पोटात जराशी जाड.
शिवाय कारखान्यातल्या कांड्या चोरून
कपाटाखाली साठवते, म्हणूनही.

लूमच्या पावडीखाली पाय आला.
वजन आठशे नव्वद ग्रॅम.
फिल्मवर नडगी अशी,
की आगकाडी मधोमध मोडावी
आणि एका बाजूच्या सालीने धरून राहावी.

मी मुळात म्हशींची डॉक्टर.
जुळे सोलापूरला पाटी लावली तेव्हापासून कुत्री वाढली, एवढंच.
ट्रेमधली सर्वांत बारीक पिन दोन मिलिमीटरची,
एका पामेरियनसाठी मागवलेली.
या हाडात ती म्हणजे सुईच्या नेढ्यात सुतळी.
तसं सांगितलं.

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला.
मधलं बोट वाकत नव्हतं.
"अठ्ठ्याण्णव साल. धोटा उडाला.
आत तार घातली होती, बारीक.
काढली तेव्हा मागून घेतली."

दुपारी साखर पेठेतून परत आले, उन्हात, सायकलवर.
तपकिरीच्या डबीत तार. अजून चकचकीत.
मोजली. बरोबर एक मिलिमीटर.
"हीच घाला. पडूनच आहे."
वापरलेली तार पुन्हा घालत नाहीत,
हे सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं.
दोन्ही हातांनी दिली होती त्यांनी.

मग रेल्वे लाइन्सला फोन, हाताच्या सर्जनना.
"कुणाचं बोट?"
बोट नाही, पाय.
"कुणाचा?"
सांगितलं.
बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.
"किती तारा पाठवू?"

बाहेर बेचाळीस डिग्री,
आणि मी हातमोज्यांत गरम पाणी भरून तिच्या कुशीला लावतेय.
भुलीत एवढासा जीव गारठतो.
फार वेळ उपाशीही ठेवायचं नाही, साखर उतरते.
मास्क नव्हता; सिरिंज कापून केला.
ड्रिल नको. तार चिमट्यात धरून
हातानेच, जरा उजवीकडे, जरा डावीकडे,
गुडघ्याच्या पुढून आत, पोकळीतून खाली,
घोट्याच्या अलीकडे थांब.
दाराआडून आवाज येत होता,
"मेल्लगा, अम्मा, मेल्लगा."
मला की तिला, विचारलं नाही.

धागा तुटला की जॉबर गाठ मारतो,
चादर डोळ्यांजवळ धरली तरी सापडत नाही.
चाळीस वर्षं तेच केलं त्यांनी.
हाडाला बाहेरून गाठ चालत नाही.
आपण नुसतं सरळ धरून ठेवायचं.
गाठ ते स्वतःच बांधतं, सावकाश,
ओबडधोबड,
एक्स-रेत ढळढळीत दिसेल अशी.

तीन आठवड्यांनी दिसली. धुरकट, फुगीर.
त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली
आणि वाकत नसलेलं बोट त्या जागेवर ठेवलं.
काही बोलले नाहीत.
कांडी तोवर माझ्या पेनाचं टोपण घेऊन
टेबलाच्या कडेला पोचली होती,
मागचा पाय जरासा बाहेर फेकत.

सातव्या आठवड्यात तार ओढून काढली.
विचारलं, हवी का?
डबी खिशात होती त्यांच्या, वरून दिसत होती.
"माझी मला आहे. ही तिची.
तिला द्या, ती ठेवेल कपाटाखाली."

दिली नाही, अर्थात. टोक धारदार असतं.
माझ्या खणात आहे,
गुरांच्या लशीच्या पावत्यांखाली,
आणि दर वेळी काही शोधताना
हाताला लागते.